फटक्यांचे वळ आणि पिवळे-काळे पट्टे : 'स्ट्रायपर' या ख्रिस्ती हेवी मेटल बँडची वाटचाल

'ख्रिस्ती हेवी मेटल' हे शब्द एका ओळीत वाचले की आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाळावर आठी उमटते. 'बँड' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लग्नाच्या किंवा सणाच्या मिरवणुकीत चालणारा पितळी वाद्यांचा ताफा येतो. आणि 'हेवी मेटल' म्हटले की लांब केसांचे, काळे कातडी कपडे घातलेले, कवट्यांची चित्रे मिरवणारे तरुण व कानठळ्या बसवणारा गोंगाट. या सगळ्यात प्रभू येशूचे नाव कोठे बसते? धर्मग्रामातील आईवडील हा प्रश्न धर्मगुरूंना विचारतात तेव्हा त्यात कुतूहलापेक्षा काळजी अधिक असते. मुलगा सांगतो, "आई, हे ख्रिस्ती गाणे आहे." आईला इंग्रजी शब्द कळत नाहीत, आणि सुरांवरून तरी ते देवाच्या घरातील वाटत नाही. मग विश्वास कोणावर ठेवायचा, मुलावर की कानांवर?

या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. म्हणून या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध बँडची, अमेरिकेतील 'स्ट्रायपर'ची, चार दशकांची कहाणी येथे थोडी सविस्तर सांगत आहे. हे गायक-वादक कॅथलिक नाहीत, इव्हँजेलिकल पंथाच्या वातावरणात वाढलेले आहेत, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

तत्पूर्वी या संगीताच्या जन्माविषयी दोन शब्द. हेवी मेटलचा उगम सहसा इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात आणि 1970 साली पहिला अल्बम काढणाऱ्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडमध्ये शोधला जातो. त्यांचे गिटारवादक टोनी आयोमी तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असताना यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबण्याचा हात हाच. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या तारा ढिल्या करून पट्टी खाली उतरवली. ॲम्प्लिफायर त्याच्या क्षमतेपलीकडे ताणला की ध्वनी फाटतो. तो फाटलेला ध्वनी आणि खाली उतरलेले सूर यांतून ते जड, घोंघावणारे संगीत आकाराला आले. त्याच्या मुळाशी सैतान नसून एका कामगाराची जखमी बोटे आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते.

याच बँडचे बहुतेक शब्द लिहिणारे गीझर बटलर हे आयरिश कॅथलिक कुटुंबात वाढलेले. 1971 सालच्या 'आफ्टर फॉरेव्हर' या गीतात त्यांनी चक्क ख्रिस्ती श्रद्धेची बाजू घेतली आहे. त्यांच्या गळ्यातील क्रूस गायक ऑझी ऑस्बोर्न यांच्या वडिलांनी स्वतः घडवून दिले होते. भयपटांतून उचललेले नाव, काळोखी सूर आणि गळ्यात क्रूस! पुढच्या पिढीने त्यातला काळोख तेवढा उचलला. 1980 च्या दशकाच्या आरंभी सैतानाचे नाव व चिन्हे अल्बमच्या वेष्टनांवर मिरवणे हा धंद्याचाच एक भाग झाला. इंग्लंडच्या 'व्हेनम'ने 1982 मध्ये 'ब्लॅक मेटल' काढला, लॉस एंजेलिसच्या 'मॉटली क्रू'ने 1983 मध्ये 'शाउट ॲट द डेव्हिल'. यांपैकी किती जण खरोखर सैतानाचे उपासक होते? बहुधा फारच थोडे. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाला वेष वेगळा आणि विश्वास वेगळा, हे सांगणार कोण?

आता कॅलिफोर्नियाकडे वळू. ऑरेंज काउंटी या भागात रॉबर्ट स्वीट आणि मायकल स्वीट हे दोन भाऊ संगीतप्रेमी घरात वाढले. 1975 च्या सुमारास, मायकल अकरा-बारा वर्षांचा असताना, हे कुटुंब दूरचित्रवाणीवर लुइझियानाचे पेंटेकोस्टल प्रचारक जिमी स्वॅगर्ट यांची प्रवचने पाहू लागले आणि त्यातून ख्रिस्ताकडे वळले. पौगंडावस्थेत ही ऊब ओसरली. भावांनी 'रॉक्स रेजीम' नावाचा बँड काढला आणि हॉलिवूडच्या क्लबांमधून ते वाजवू लागले. रॉबर्ट ड्रमवर, मायकल गायक व गिटारवादक. पुढे ओझ फॉक्स गिटारवर आणि टिम गेन्स बासवर आले. 1983 च्या सुमारास एका ख्रिस्ती मित्राने त्यांना आग्रहाने सांगितले की, तुमची कला देवाला द्या. त्यांनी ती दिली. विशेष म्हणजे वाद्ये, वेष, क्लब यांतले त्यांनी काहीच सोडले नाही. फक्त गीतांचे शब्द बदलले आणि नाव बदलले.

या नावातच त्यांचे सारे धर्मशास्त्र आहे असे म्हटले तरी चालेल. इंग्रजीत 'स्ट्राइप' या शब्दाचे दोन अर्थ होतात : कपड्यावरचा पट्टा, आणि चाबकाच्या फटक्याने अंगावर उठलेला वळ. किंग जेम्स या जुन्या इंग्रजी भाषांतरात यशयाच्या 53 व्या अध्यायातील 5 व्या वचनात हाच शब्द येतो. दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या अंगावरील वळांनी आपण बरे झालो, असा त्या वचनाचा आशय. गुड फ्रायडेच्या उपासनेत पहिले वाचन म्हणून आपण हाच भाग ऐकतो. मराठीत 'वळ' आणि 'पट्टा' हे दोन शब्द निराळे असल्यामुळे ही गंमत आपल्या कानांना लागत नाही. परंतु पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे घट्ट कपडे घालून हे चौघे मंचावर येत आणि बोधचिन्हाखाली त्या वचनाचा क्रमांक लिहीत, तेव्हा इंग्रजी वाचकाला तो दुहेरी अर्थ कळत होता. वेष पाहून हसणारे पुष्कळ होते. चार मधमाशा मंचावर उतरल्यासारखे ते दिसत, हे नाकारण्यात अर्थ नाही. रॉबर्ट तर आपले ड्रम प्रेक्षकांकडे तोंड करून न ठेवता आडवे ठेवीत असे, म्हणजे वाजवणारा नीट दिसावा!

1984 मध्ये 'द यलो अँड ब्लॅक अटॅक' ही त्यांची पहिली छोटी तबकडी एनिग्मा या कंपनीने काढली. ती ख्रिस्ती प्रकाशनसंस्था नव्हती. या बँडला चर्चच्या सभागृहात, आधीच श्रद्धावंत असलेल्यांसमोर गायचे नव्हते. जे क्लब इतर बँड दारू व बाष्कळपणाने गाजवत, तेथेच हे जात आणि कार्यक्रमाच्या मध्यात नव्या कराराच्या छोट्या प्रती गर्दीत फेकत. होय, फेकत. या एका कृतीने त्यांच्यावर जितकी स्तुती आणि जितकी निंदा ओढवली तितकी त्यांच्या कोणत्याही गाण्याने ओढवली नसेल.

1985 चा 'सोल्जर्स अंडर कमांड' पाच लाखांवर खपून सुवर्ण तबकडीचा मानकरी ठरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये रॉक गीतांतील अश्लीलता व हिंसा यांवर सुनावणी झाली होती आणि अमेरिकेतील पालक धास्तावले होते. अशा वेळी 1986 च्या ऑक्टोबरमध्ये 'टू हेल विथ द डेव्हिल' आला. नाव ऐकताच धर्मभीरू माणसाने कानांवर हात ठेवावे. परंतु अर्थ सरळ आहे : सैतानाने त्याच्या जागी, म्हणजे नरकातच जावे. 'शाउट ॲट द डेव्हिल'च्या पिढीला तिच्याच बोलीत दिलेले हे उत्तर होते. मूळ वेष्टनावर देवदूत सैतानाला खोल खाईत लोटत असल्याचे चित्र होते. त्यावर इतका गदारोळ झाला की पुढे साध्या काळ्या वेष्टनात अल्बम विकला गेला. तरीही त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. 'ऑनेस्टली' हे त्यातील संथ प्रेमगीत अमेरिकेच्या सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीत 23 व्या क्रमांकापर्यंत चढले. एमटीव्हीवर प्रेक्षक दूरध्वनी करून आपल्या पसंतीची गाणी मागवीत, त्या कार्यक्रमात स्ट्रायपरची गाणी पुन्हा पुन्हा मागवली गेली. उघडपणे ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या मेटल बँडला असे यश पूर्वी कधी मिळाले नव्हते.

टीका दोन्हीकडून झाली. मेटलचे चाहते म्हणत, हे प्रवचनकार आहेत, यांचा आवाज गुळगुळीत आहे. धार्मिक मंडळी म्हणत, हे लांडगे आहेत. सर्वांत कडवी टीका मात्र ज्यांच्या प्रवचनांनी या भावांना ख्रिस्ताकडे आणले त्याच स्वॅगर्ट यांची होती. शुभवर्तमानाच्या प्रती अशा गर्दीत टाकणे म्हणजे डुकरांपुढे मोती टाकणे होय, असे ते म्हणाले. ख्रिस्ती रॉक संगीताविरुद्ध त्यांनी 1987 साली एक पुस्तकच लिहिले. (रॉक अँड रोलच्या आद्य गायकांपैकी एक, जेरी ली लुइस, हे त्यांच्या नात्यातील भावंडांपैकी. आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेवरही त्यांनी कठोर लिखाण केले होते.) 1988 च्या फेब्रुवारीत स्वतः स्वॅगर्ट यांना एका नैतिक प्रकरणामुळे हजारोंसमोर रडत क्षमा मागावी लागली आणि त्यांच्या संघटनेने त्यांचे पद काढून घेतले. 2025 साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या पतनाने त्यांची टीका आपोआप खोटी ठरते असे मात्र मी म्हणणार नाही. पवित्र ग्रंथ हवेत भिरकावण्याने त्याचा मान राहतो का, हा प्रश्न विचारणारा कोण आहे यावर अवलंबून नाही. आपल्याकडे शुभवर्तमानाचा ग्रंथ धूप दाखवून, चुंबन घेऊन उचलला जातो. ती सवय असलेल्याला हे दृश्य खटकणारच. पण ज्या मुलाच्या घरात बायबल कधी आलेच नव्हते, त्याच्या हाती ते अशा रीतीनेच आले असेल, तर त्याला आपण काय सांगणार?

खरे संकट बाहेरच्या टीकेतून आले नाही. 1988 मध्ये 'इन गॉड वी ट्रस्ट' निघाला. हे अमेरिकेच्या नोटा-नाण्यांवर छापलेले बोधवाक्य आहे, आणि त्या अल्बमवर पैशाची छाया होती असे म्हटल्यास ती केवळ कोटी ठरू नये. तोही सुवर्ण ठरला, परंतु अतिशय घासूनपुसून तयार केलेला माल असे त्याचे वर्णन झाले. अपेक्षेएवढा तो खपला नाही. चौघे थकले होते. दोन्हीकडच्या टीकेने कडवट झाले होते. 1990 च्या 'अगेन्स्ट द लॉ'मध्ये पिवळे-काळे पट्टे गेले, बोधचिन्हाखालचे वचन गेले आणि गीतांतून ख्रिस्ताचा उघड उल्लेखही गेला. संगीताच्या दृष्टीने तो अल्बम चांगला आहे असे जाणकार म्हणतात. मायकल स्वीट यांनी पुढे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या काळाविषयी मोकळेपणाने लिहिले आहे : दारू पिणे वाढले होते, मंचावर एक आणि मंचामागे दुसरे असे जगणे चालू होते. 1991 मध्ये 'निर्वाणा'च्या यशाने संगीताची हवाच पालटली आणि असे भपकेबाज बँड एका रात्रीत जुने वाटू लागले. 1992 मध्ये मायकल बाहेर पडले. उरलेल्यांनी काही काळ नेटाने चालवले, पण कर्ज आणि दिवाळखोरी यांनी शेवट केला.

येथे मला संत ऑगस्टीनची आठवण होते. आपल्या 'कबुलीजबाबा'च्या दहाव्या भागात ते लिहितात की, गायल्या जाणाऱ्या आशयापेक्षा गाण्यानेच आपले मन अधिक हलले, तर आपण पाप केले असे आपल्याला वाटते. अशा वेळी ते गाणे ऐकलेच नसते तर बरे. आणि तरीही चर्चमधील गायनाला त्यांनी संमतीच दिली, कारण मिलानमध्ये त्याच गायनाने त्यांना रडवले होते. दीड हजार वर्षांपूर्वी एका बिशपांना स्तोत्रगायनाविषयी पडलेला हा पेच विजेच्या गिटारींच्या काळात सुटलेला नाही, उलट शेकडो पटींनी मोठा झालेला आहे. ऑगस्टीनसमोर स्तोत्रे गाणारे श्रद्धावंत होते. येथे दहा-वीस हजारांची गर्दी, दिव्यांचा झगमगाट, आणि ज्याच्या नावाने ती गर्दी ओरडते तो ख्रिस्त की गायक, हे गायकालाही कळेनासे व्हावे अशी अवस्था.

मायकल यानंतर काही वर्षे मॅसॅच्युसेट्समध्ये सासरच्या मंडळींच्या क्रॅनबेरीच्या शेतात काम करीत होते. क्रॅनबेरी हे पाणथळ जमिनीत वाढणारे लाल, आंबट फळ. आपल्या करवंदांची आठवण व्हावी असे. दहा लाख प्रती खपलेला गायक चिखलात उभा राहून फळांची निगा राखतो, हे चित्र त्यांच्या कोणत्याही अल्बमच्या वेष्टनापेक्षा मला अधिक बोलके वाटते.

2000 साली चाहत्यांच्या एका मेळाव्यात जुने सहकारी पुन्हा एकत्र वाजवू लागले, 2003 मध्ये दौरा झाला आणि 2005 मध्ये 'रीबॉर्न' हा नवा अल्बम आला. गीतांत ख्रिस्ताचे नाव पुन्हा स्पष्टपणे आले, पट्टेही परतले. 2009 च्या मार्चमध्ये मायकल यांच्या पत्नीचे कर्करोगाने निधन झाले. त्याच वर्षी बँडचा 'मर्डर बाय प्राइड' प्रसिद्ध झाला. गर्वामुळे झालेला खून, असे ते शीर्षक. 1990 च्या आसपासचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला त्याचा रोख समजायला वेळ लागत नाही.

2018 सालचा वाद मात्र थोडा मनोरंजक आहे. त्या वर्षीच्या अल्बमचे नाव 'गॉड डॅम ईव्हिल'. इंग्रजीतील एक सर्रास शिवी त्यात ऐकू येते म्हणून वॉलमार्ट या अवाढव्य दुकानसाखळीने तो विकायला नकार दिला. बँडचे म्हणणे होते की ही शिवी नसून प्रार्थना आहे : देवा, दुष्टतेचा धिक्कार कर. व्याकरण त्यांच्या बाजूचे आहे, कानाची सवय दुकानदाराच्या बाजूची. गंमत अशी की शापवाणीच्या प्रार्थनेची अडचण आपल्यालाही झाली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर धर्मगुरूंच्या व व्रतस्थांच्या नित्यप्रार्थनेची नवी मांडणी झाली, तेव्हा 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रे त्यातील शापांच्या कठोरपणामुळे वगळण्यात आली. पवित्र शास्त्रात ती अर्थातच आहेत.

आपल्या ख्रिस्तसभेत या संगीताविषयी एकच मत नाही. कार्डिनल जोसेफ रात्झिंगर (नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी 2000 साली प्रसिद्ध झालेल्या 'उपासनेचा आत्मा' या ग्रंथात रॉक संगीतावर परखड लिहिले. अशा महोत्सवांत माणूस ताल, आवाज व प्रकाश यांच्या धक्क्याने स्वतःला हरवतो आणि त्यातून ख्रिस्ती उपासनेच्या विरोधी अशी दुसरीच उपासना उभी राहते, असा त्यांचा मुद्दा. 1997 साली बोलोन्या येथील युखरिस्तिक परिषदेत गायक बॉब डिलन पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर गायले, तेव्हाही रात्झिंगर यांना ते रुचले नव्हते, असे त्यांनी नंतर लिहिले. पोप महोदयांनी मात्र त्या संध्याकाळी डिलन यांच्या 'ब्लोइंग इन द विंड' या गीताचा धागा पकडून तरुणांना पवित्र आत्म्याच्या वाऱ्याविषयी सांगितले. दोघेही एकमेकांचे जिवलग सहकारी.

त्याच बोलोन्यात 2008 साली 'गॉड्स ऑफ मेटल' या महोत्सवात चक्क एक कॅप्युचिन बंधू गायला उभे राहिले. बंधू चेझारे बोनिझ्झी, जन्म 1946, अंगात तपकिरी झगा, कमरेला दोर, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, आणि घशातून मेटलची गर्जना. इटलीत लोक त्यांना 'फ्रातेल्लो मेताल्लो' म्हणत. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांचे फोटो छापले. 2009 मध्ये त्यांनी मंच सोडला. सैतानाने आपल्याला प्रसिद्धीच्या मार्गाने गाठले आणि सोबत्यांपासून तोडले, असे कारण त्यांनी दिले. संगीताला त्यांनी दोष दिला नाही, हे लक्षात घ्यावे. कॅलिफोर्नियातील बँडला जे कळायला दिवाळखोरी लागली ते या बंधूंना वेळीच कळले. संन्यस्त जीवनाचा हा लाभ म्हणावा काय?

आता आपल्या धर्मग्रामांच्या प्रश्नाकडे येतो. मिस्सेत असे संगीत चालेल का? नाही. 1963 च्या उपासनाविषयक संविधानाने ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान दिले, पाइप ऑर्गनचा गौरव केला आणि उपासनेस योग्य असतील अशी अन्य वाद्येही मान्य केली. 1967 च्या 'मुसिकाम साक्राम' या सूचनापत्रात, लोकांच्या समजुतीने व वापराने केवळ प्रापंचिक संगीताचीच ठरलेली वाद्ये उपासनेत व धार्मिक विधींत आणू नयेत असे म्हटले आहे. येथे 'लोकांच्या समजुतीने' हे शब्द महत्त्वाचे; वाद्य जन्मतः पवित्र किंवा अपवित्र नसते. आपली पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली, आणि आज तिच्यावर मराठी भक्तिगीत गाताना कोणाला ती परकी वाटत नाही. परंतु फाटलेल्या ध्वनीची गिटार आज तरी लोकांना वेदीची आठवण करून देत नाही, आणि मिस्सेत समूहाने गायचे असते, ऐकत बसायचे नसते. सणानंतरच्या मैदानावरील मंच ही गोष्ट वेगळी. तेथे युवकांनी असे गाणे बसवले तर त्याचे शब्द आधी मागून घ्यावेत, ते मराठीत समजावून सांगायला लावावेत आणि मग आवाज थोडा कमी ठेवायला सांगून परवानगी द्यावी, असे माझे मत. शब्द समजावून सांगताना मुलांचीच अधिक तयारी होते.

आणि स्ट्रायपर? 2017 मध्ये टिम गेन्स यांच्या जागी पेरी रिचर्डसन आले. 2018 मध्ये लास वेगासच्या एका मंचावर वाजवत असतानाच ओझ फॉक्स यांना झटका आला; तपासणीत मेंदूत गाठी आढळल्या आणि पुढे शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतरही 2020, 2022 आणि 2024 मध्ये बँडचे नवे अल्बम निघाले. चौघांपैकी तिघे आरंभापासूनचे, साठीच्या घरातले, पट्टे थोडे सैल झालेले. नव्या कराराच्या प्रती गर्दीत टाकण्याची प्रथा त्यांनी पुनर्मीलनानंतरही सोडली नाही.